झेंडा लावलेला प्रश्न

९ जानेवारी

जाऊबाई,

पाकीट बघून दचकू नका. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘हं, हं’ करता आणि मागे मोठ्या भाऊजींचं खाकरणं ऐकू येतं. इकडे मी फोन कानाला लावला की तुमचे दीर टीव्हीचा आवाज कमी करतात. असल्या पहाऱ्यात दोन जावांनी बोलायचं तरी काय? हवापाणी?

तर बातमी अशी, की मी परीक्षेला बसते आहे. हसा, पोटभर हसा. कॉम्प्युटर हार्डवेअरची परीक्षा, अगदी पहिल्या पायरीची, पण परीक्षा ती परीक्षाच. कंपनीचा माणूस आला होता, तो नवा, अत्तर लावून येणारा. म्हणाला, मार्चअखेर दुकानात निदान एक जण तरी प्रमाणपत्रवाला हवा, नाहीतर आम्ही आमचा बोर्ड उतरवून नेऊ. बोर्ड उतरला की वॉरंटीची कामं गेली. आणि हल्ली वॉरंटीची कामंच येतात, जाऊबाई. बाकी लोक मशीन बिघडलं की नवीनच घेतात. म्हणजे दुकान सोडण्याआधी मोठे भाऊजी जे म्हणत होते तेच झालं. हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण इथे घरात मी हे म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही.

तुमचे दीर दोनदा परीक्षेला बसले. दोनदा नापास. हो, तेच, ज्यांना गिऱ्हाईक ‘डॉक्टर’ म्हणतं. घरी येऊन म्हणाले, “प्रश्नच येडपटासारखे. मशीन चालू होत नसेल तर पहिल्यांदा काय करावं म्हणे! आणि पर्यायांत खोडरबरच नाही.” आठवतं ना? रॅम काढायची, खोडरबरनं पुसायची, परत बसवायची, निम्मी मशीनं तेवढ्यावर उठून बसतात. आपलं अख्खं दुकान त्या खोडरबरावर चाललं आणि परीक्षेला त्याचा पत्ताच नाही. तिसऱ्यांदा बसा म्हटलं तर अंगावर आले. म्हणून मी.

मी काउंटरवरची बाई. पावत्या फाडणारी, ‘उद्या या’ सांगणारी. मला मशीनच्या आतलं जे येतं ते ऐकून ऐकून येतं. आता दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात पुस्तक उघडते. एक पान वाचून झालं की कुणीतरी येऊन म्हणतं, “मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं.” आणि त्याच्या कीबोर्डमधून चहा ठिबकत असतो. तोवर वाचलेलं पान डोक्यातून गेलेलं असतं.

मागायचं ते एवढंच. प्रिंटर माझ्या डोक्यात शिरत नाही. तो तुमचा प्रांत होता. कोरा कागद आत जातो तेव्हापासून छापून बाहेर येईपर्यंत आत काय काय होतं तो क्रम लिहून पाठवा, तुमच्या भाषेत. पुस्तकाच्या भाषेत मला झोप येते.

घर सोडून जाताना मला साधं ‘येते’ म्हणाला नाहीत, ते मी विसरलेले नाही. पण प्रिंटरचं पाठवा.

तुमची धाकटी


२ फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच ती, तिला पत्र म्हणवत नाही. ‘आधी जुनं पुसून घ्यायचं, मग ड्रमला वीज द्यायची, मग उजेडानं चित्र काढायचं, मग पावडर चिकटते, मग ती कागदावर उतरते, शेवटी इस्त्री.’ इस्त्री! पुस्तकात त्याला दीड पान घालवलंय. वाचताना तुमचे ते काळे हात डोळ्यांसमोर आले. साबण संपायचा पण पावडर जायची नाही, आणि तुम्ही तशाच हातानं माझ्या गालाला बोट लावून पळायचात. तुम्ही, पन्नाशीच्या तोंडावर आलेली बाई.

तू कशी आहेस, असं एका शब्दानं विचारलं नाहीत. नाही विचारलंत तर नाही. पण खाली कोपऱ्यात, पेन बदलून, ‘भाऊजी कसे आहेत?’ असं माझ्या ह्यांच्याबद्दल विचारलंत. तो प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

त्याचं असं आहे. परीक्षेसाठी मी क्लास लावलाय, तिथले सर आम्हाला सांगतात, परीक्षेत अनपेक्षित प्रश्न येणारच. तुम्ही शंभर पाठ करून जा, एकशे एकावा येतो. तेव्हा घाबरायचं नाही आणि त्याच्याशी झोंबतही बसायचं नाही. स्क्रीनवर कोपऱ्यात एक छोटा झेंडा असतो, तो लावायचा आणि पुढे जायचं. सगळं झालं की झेंडेवाल्यांकडे परत यायचं. तर तुमच्या प्रश्नावर मी झेंडा लावला आहे.

बाकी अभ्यास चालू आहे. तुमचे दीर शिकवतात. म्हणजे स्टुलावर बसतात आणि बोलतात. “झाकण काढ. तो स्क्रू नाही, शेजारचा. आता रॅम काढ, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाब, जोर करू नको.” स्वतः बोटसुद्धा लावत नाहीत. मी म्हटलं, अहो, एकदा करून तर दाखवा. तर म्हणाले, “मी केलं तर मला येईल. तुझं तुला यायला हवं.” आता शिकवण्याची ही पद्धत चांगली असेलही, पण परवा माझं नख तुटलं तरी उठले नाहीत. मला फार राग आला. दुकानातली बारीक कामंसुद्धा ते आता बाहेरच्या माणसाकडे देतात. डोळे दमतात म्हणे.

तऱ्हाही वाढल्या आहेत. दाढी ठेवली आहे, ती पांढरी आणि वेडीवाकडी आली आहे. चहा अर्धाच कप लागतो. पूर्ण भरला की चिडतात. अर्धा द्या, तो संपला की पुन्हा अर्धा. मी दिवसभर अर्धे कप वाहते आहे. आपले सासरे असेच होते का हो शेवटी? तुम्ही त्यांचं केलंत, मी नंतर आले.

दमले मी. सकाळी दुकान, दुपारी क्लास, संध्याकाळी परत दुकान, आणि मधे स्वयंपाक कुणी केला ते मला आठवत नाही, म्हणजे मीच केला असणार. क्लासमध्ये सगळी वीस-बावीसची पोरं. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, “काकू, कुणाला सोडायला आलात?” मी म्हटलं, मलाच.

तुमची


१९ फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमचं उत्तर नाही. बरं.

परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. सराव परीक्षेत मी काठावर पास होते, कधी काठाच्या अलीकडे, कधी पलीकडे. सरांनी आज आणखी एक गंमत सांगितली. परीक्षेतल्या काही प्रश्नांना गुणच नसतात. पुढच्या वर्षी घालावेत की नाही हे बघायला ते नुसते मधे पेरलेले असतात. कुठले, ते सांगत नाहीत. तुम्ही जीव तोडून सोडवता आणि त्याला काहीच किंमत नसते. पोरं चिडली. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. आपल्या घरात एवढी वर्षं जी भांडणं झाली, त्यातल्या कितींना गुण होते? बाथरूमच्या बादलीवरून आपण दोघी आठवडाभर बोललो नव्हतो. त्याला नव्हते. पण त्या दिवशी दुकानात भाऊ भाऊ समोरासमोर उभे राहिले, मोठे भाऊजी म्हणाले नवीन मशीनं विकायला ठेवू, आणि हे म्हणाले, “आपण दुरुस्तीवाले. तुला जायचं तर जा, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही.” त्याला होते. पुढचे सगळे प्रश्न त्या एकावरच चुकत गेले.

काल ह्यांच्या हातून गिऱ्हाइकाचा लॅपटॉप पडला. काउंटरवरून माझ्याकडे देताना पडला. म्हणाले, “तू नीट धरला नाहीस.” मी नीट धरला होता. माझे दोन्ही हात त्याच्याखाली होते. पण गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून मी म्हटलं, हो, माझंच चुकलं.

हे तुम्हाला का लिहिते आहे ते मला माहीत नाही. दुसरं कोण आहे मला लिहायला?

शुभेच्छा द्यायच्या असतील तर मनात द्या, पोचतील.


२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

जाऊबाई,

पास झाले. आधी तेवढं सांगते. काठावर, पण काठाच्या पलीकडे.

आता बाकीचं सांगते. मी अजून बसच्या थांब्यावरच आहे, घरी गेलेले नाही. दोन बसेस सोडल्या. मांडीवर पर्स ठेवून लिहिते आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

आत जाताना घड्याळ काढून घेतलं, खिसे उलटे करायला लावले, बाह्या वर करायला लावल्या. एक मुलगी होती देखरेखीला, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशी. तिनं मला एका खोक्यासारख्या जागेत बसवलं, समोर स्क्रीन, बाजूला माउस. मी मनात म्हणते आहे, पुसायचं, वीज, उजेड, पावडर, कागद, इस्त्री. पुसायचं, वीज, उजेड. आणि तुमचा प्रिंटर आलाच नाही हो! एवढं घोकलं, एक प्रश्न नाही प्रिंटरवर. त्याऐवजी काय काय विचारलं, ऐका. जड मशीन जमिनीवरून कसं उचलाल? गुडघ्यात वाकून. मी जन्मभर कंबरेतून उचलते आहे, तरी उत्तर बरोबर दिलं. फुगलेली बॅटरी कुठे टाकाल? बाहेर विजा कडाडत असतील तर काय कराल? आणि चिडलेलं गिऱ्हाईक काउंटरवर हात आपटत असेल तर? तिथे मला हसू आलं. मी दुकानात भांडायला येणाऱ्या आपल्या त्या निवृत्त मास्तरांचा चेहरा आठवला आणि धडाधड उत्तरं दिली. सरांनी शिकवलं नव्हतं ते मला येत होतं.

पण हे सगळं नंतरचं. पहिलाच प्रश्न वेगळा होता, आणि तो पर्यायांचा नव्हता. स्क्रीनवर उघड्या मशीनचं चित्र होतं. उजवीकडे सुटे भाग मांडलेले. रॅम, प्रोसेसर, केबली. माउसनं एकेक भाग धरायचा, धरून ओढत न्यायचा आणि नेमका त्याच्या जागेवर सोडायचा. जागा अगदी चिंचोळ्या. बोट जरा हललं, जरा आधी सुटलं, की तो भाग सरकन उडून परत उजवीकडे जाऊन बसतो. आपण काही केलंच नव्हतं असा.

मी रॅम धरली, नेली, आणि माझा हात घाबरून जरासा हलला. ती उडाली. मी पुन्हा धरली. आणि जाऊबाई, मला एकदम कळलं. प्रश्नाचं उत्तर नाही. ह्यांचं.

अर्धा कप. पूर्ण भरला तर सांडतो म्हणून अर्धा. दाढी, कारण हातात ब्लेड धरवत नाही. “झाकण तू काढ.” “डोळे दमतात.” लॅपटॉप. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, मीच तुम्हाला एकेक करून लिहीत होते, आणि तऱ्हा म्हणून लिहीत होते. बारा महिने चोवीस तास ज्याच्याबरोबर असते त्या माणसाचे हात थरथरतात हे मला एका परीक्षेच्या प्रश्नानं सांगावं? काउंटरवर बसून दुसऱ्यांच्या मशीनचं काय बिघडलंय ते मी चेहरा बघून सांगते.

स्क्रीन दिसेना. ती मुलगी आली, “काही अडचण आहे का?” म्हणाली. मी म्हटलं, नाही. ती गेली नाही. खिशातून कागदी रुमाल काढून तिनं हळूच माझ्या टेबलावर ठेवला, चेहरा तसाच, आणि मग गेली. तो रुमाल परीक्षेच्या नियमात बसतो की नाही कोण जाणे.

मग मी झेंडा लावला आणि पुढे गेले. सरांनी सांगितलं होतं म्हणून गेले, नाहीतर तिथेच बसून राहिले असते. सगळ्यात शेवटी परत आले. एकेक भाग उचलला आणि जागेवर ठेवला. रॅम, प्रोसेसर, सगळं बसलं. माझा हात जरासुद्धा हलला नाही आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

तिसरी बस दिसते आहे. जाते. घरी जाऊन काय बोलायचं मला ठाऊक नाही.


२८ फेब्रुवारी

जाऊबाई,

वरचं पत्र टाकलं नव्हतं. हे त्याच पाकिटात घालते आहे.

घरी गेले तेव्हा हे दुकान उघडं ठेवून वाटच बघत होते. मी निकालाचा कागद पुढे केला. हातात घेतला नाही, काउंटरवर ठेवायला लावला आणि वाकून वाचला. “वा,” म्हणाले. मग स्क्रू ड्रायव्हरच्या डब्याकडे बघत म्हणाले, “तो ओढून ठेवायचा प्रश्न आला होता?”

“आला होता.”

“पहिलाच?”

“पहिलाच.”

“जमला?”

खोटं बोलावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं. पण कागद समोर होता. म्हटलं, “जमला.”

“मला नाही जमला,” म्हणाले. “जागेवर नेली की हात नाचायचा. रॅम उडून परत. पुन्हा नेली, पुन्हा उडाली. वेळ संपेपर्यंत तेच.”

मला कळेना. “वेळ संपेपर्यंत? अहो, मग झेंडा लावून पुढे जायचं ना! बाकीचे प्रश्न?”

“बाकीचे बघितलेच नाहीत.”

“दोन्ही वेळा?”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, “रॅम बसवता येत नाही म्हणून सोडून पुढे जायचं? मी?”

जाऊबाई, मला हसू आलं आणि रडूही आलं. मशीन चालू झालं नाही तर पहिल्यांदा काय करावं, तो खोडरबरचा प्रश्न त्यांनी बघितलासुद्धा नव्हता. क्लासच्या जाहिरातीच्या पत्रकावरचा नमुना प्रश्न होता तो! येडपट प्रश्न, येडपट पर्याय, हे सगळं मला सांगायला रचलं होतं. दोन्ही वेळा हा माणूस पहिल्याच प्रश्नापुढे माउस धरून बसून राहिला. मी त्यांच्यावर खूप ओरडले. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला, तरी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही. शेवटी दमले आणि त्यांचे हात माझ्या हातात घेतले. उजवा जास्त थरथरतो. धरल्यावरही थांबत नाही. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाले, “दादा दुकान सोडून गेला त्याच्या आधीपासून.”

मग म्हणाले, “म्हणून तर तो नवीन मशीनं विका म्हणाला तेव्हा मला वाटलं, ह्याला कळलं. माझे हात गेले हे ह्याला कळलं आणि हा माझ्यावर दया करतोय.” मी विचारलं, मोठ्या भाऊजींना खरंच कळलं होतं का? तर म्हणाले, माहीत नाही, मी विचारलं नाही. दोघंही विचारणाऱ्यातले नाहीत. तुमचे तसेच, माझे तसेच.

डॉक्टरकडे चला म्हणून काल दिवसभर मागे लागले. नाही म्हणजे नाही. चिडले, जेवले नाहीत, मग आज सकाळी चहाचा अर्धा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, “दादा आला तर जाईन. पण त्याला मी जा म्हणालोय. आता ये कोणत्या तोंडानं म्हणू?” मी म्हटलं, तोंडानं नका म्हणू, लिहा.

तर आता झेंडेवाल्या प्रश्नाकडे येते. भाऊजी कसे आहेत, असं तुम्ही विचारलं होतंत. बरे नाहीत, जाऊबाई. मीही बरी नाही. कंपनीचा बोर्ड राहिला, दुकान राहिलं, प्रमाणपत्र भिंतीला लागेल, आणि मला एकटीला आता हे पुढे ओढत नेता येत नाही. एवढंच उत्तर आहे. ते द्यायला मला महिना लागला.

खालची ओळ त्यांची आहे. मी त्यांचा हात धरलेला नाही. तीन कागद फुकट गेले, हा चौथा.


वहिनी, दादाला पाठवा. माझं अक्षर त्याला दाखवू नका.


जाऊबाई, हे आत गेलेत. दाखवा.